तर, घर आणि विधानसभेंतील प्रश्न

विधानसभेच्या अधिवेशनाचीं वर्तमानें आपण सर्वजण वाचतों. त्यांत भाषणांना मोठे मथळे मिळतात, गोंधळाला त्याहूनहि मोठे मिळतात. परंतु प्रश्नोत्तरांच्या तासांत सभासद सरकारला जे प्रश्न विचारतात त्यांच्या वांट्याला कोपऱ्यांतल्या दोन ओळी आल्या तर आल्या. आज मला त्या दोन ओळींविषयींच बोलावयाचें आहे.

कोंकणांतील एखाद्या सभासदानें आधीं खाडीवरच्या तरीविषयीं विचारलें आणि लगेच डोंगरउतारावरच्या घरांविषयीं विचारलें, म्हणजे शहरांतल्या वाचकाला वाटतें कीं हे दोन अगदीं निराळे विषय आहेत. एक दळणवळणाचा आणि दुसरा निवाऱ्याचा. सरकारचीं खातींहि निराळीं आणि कागदहि निराळे. आमच्या जिल्ह्यांतल्या माणसाला मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच पावसांत भेटतात. तें कसें, हें सांगून मग अशा प्रश्नांचें मोल कशांत आहे, याचा विचार करूं.

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र आणि मध्यें अरुंद पट्टी. या पट्टींतून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा नद्या थोडक्या अंतरांत कड्यावरून समुद्राला येतात. उगमाकडे त्या डोंगर कापतात आणि मुखाकडे त्यांच्या खाड्या होतात. त्यामुळें जमिनीचे जणूं तुकडे पडले आहेत. समोरच्या तीरावरचें गांव डोळ्यांना दिसतें, तेथल्या देवळाची घंटा ऐकूं येते. परंतु सडकेनें जावयाचें तर खाडीच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हां उलट यावें लागतें. ही खाडी ओलांडून देणारी जी होडी, तिला आम्ही तर म्हणतों. वाशिष्ठीवर दाभोळ व धोपावें यांच्यामध्यें मोटारी वाहून नेणारी मोठी तर २००३ सालीं सुरू झाली, तोंपर्यंत दापोलीहून गुहागरला मोटार न्यावयाची म्हणजे चिपळूणचा वळसा ठरलेलाच. शास्त्रीच्या मुखाशीं जयगड व तवसाळ यांच्यामध्यें आणि सावित्रीवर वेसवी व बागमांडला यांच्यामध्येंहि अशीच सोय पुढें झाली. खाडीकाठच्या शाळेंत ज्यानें शिकविलें आहे त्याला हें हजेरीपटावरूनच कळतें. जुलै महिन्यांत एकाच तीरावरचीं सगळीं मुलें गैरहजर दिसलीं, कीं तर बंद आहे असें खुशाल समजावें.

आतां घराकडे वळूं. आमच्याकडील वाड्या डोंगराच्या अंगावर वसलेल्या असतात. वर जांभ्याचा सडा, त्याखालीं कुजलेल्या दगडाची मऊ माती आणि पायथ्याशीं शेत. पाऊस सड्यावरून भेगांतून आंत मुरतो, मातीचें वजन वाढतें व तिची पकड सुटते. उतार सारखा करून अंगण काढलें किंवा सडकेसाठीं पायथा कापला आणि पाण्याची वाट बुजविली, तर धोका दुणावतो. डोंगर बहुधा अगदीं न सांगतां येत नाहीं. जमिनीला नवी भेग पडते, झाडें व खांब कलतात, नेहमींच्या झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें, घराचें दार चौकटींत अडकूं लागतें. वाडींतल्या म्हाताऱ्या माणसांना या खुणा ठाऊक असतात. खूण दिसल्यावर जावयाचें कोठें आणि कसें, हा प्रश्न उरतो.

आणि येथेंच तर आणि घर यांची गांठ पडते. ज्या दिवशीं डोंगर घसरण्याचें भय, त्याच दिवशीं खाडीला उधाण व वारा. म्हणजे तर बंद. ज्या दिवशीं सडकेवर दरड येते, त्या दिवशीं मदतीला येणारी माणसें पाण्यानेंच यावयाचीं; आणि पाण्याची वाट तर आधींच बंद झालेली. शिवाय, 'धोक्याची जागा सोडून दुसरीकडे घर बांधा' असें सांगणें सोपें आहे. नव्या जागेहून शेताला, बंदराला, शाळेला रोज जाण्यायेण्याची सोय नसेल, तर शहाणा माणूससुद्धां जुन्याच घरांत राहतो. त्याला अडाणी म्हणूं नये. त्यानें दोन भयांचा हिशेब केलेला असतो. एक कधीं तरी येणारें आणि दुसरें रोजच्या भाकरीचें.

बातमी वेळेवर न पोंचल्यामुळें काय होतें, हें कोंकणच्या इतिहासांत लिहून ठेविलेलें आहे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशीं बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनीं, स्वातंत्र्य एका महिन्यावर आलें असतां, १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. मुंबई जवळ असतां मुंबईला बातमी कळावयास कित्येक तास लागले. आणि जीं थोडीं माणसें वांचलीं त्यांतल्या पुष्कळांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. संतांच्या नांवानें उतारूंचा विश्वास बसतो खरा; परंतु बिनतारी यंत्राचें काम त्या नांवानें होत नाहीं.

डोंगराची कथाहि याहून निराळी नाहीं. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांतील जुई, कोंडिवते, दासगांव व रोहन या गांवांवर दरडी आल्या आणि दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतलें माळीण गांव सकाळीं मातीखालीं गेलें; तेथें एस. टी. चा चालक आला, त्याला गांव जागेवर दिसेना, आणि त्याच्या तोंडून बातमी बाहेर पडली. १५१ माणसें गेलीं होतीं. जुलै २०२१ मध्यें चिपळूण शहर पाण्यांत असतां आमच्याच खेड तालुक्यांतील पोसरे येथें १७ जण आणि महाडजवळच्या तळिये येथें ८७ जण दरडीखालीं सांपडले. रस्ते तुटले, दूरध्वनि बंद पडले, आणि तळियेला मदत पोंचावयास फार उशीर झाला. १९४७ सालीं बिनतारी यंत्र नव्हतें. २०२१ सालीं घरोघर दूरध्वनि होता, तरी नेमक्या वेळीं तो मुका झाला.

यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. त्या वेळीं मुंबईंत विधिमंडळाचें पावसाळी अधिवेशन चालू होतें. सरकारतर्फे विधानसभेंत सांगण्यांत आलें कीं दरडप्रवण गांवांच्या यादींत या वाडीचें नांव नव्हतें. श्रोतेहो, हें उत्तर मला फार विचार करण्यासारखें वाटतें. त्यांत कोणी खोटें बोललें असें मी म्हणत नाहीं. उलट तें खरें होतें म्हणूनच गंभीर आहे. यादी होती, पण यादींत वाडी नव्हती; म्हणजे अपघात होण्याआधीं ती वाडी सरकारच्या दृष्टीनें धोक्यांत नव्हतीच.

माझें आजचें सांगणें एवढेंच आहे. अपघातानंतरची बातमी आज ना उद्यां पोंचतेच. कोळी आणतो, गाडीचा चालक आणतो, नाहीं तर वृत्तपत्र आणतें. अपघाताच्या आधींची बातमी सरकारपर्यंत पोंचवून तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घेण्याचें जें साधन आपल्या हातीं आहे, तें म्हणजे लोकप्रतिनिधीनें सभागृहांत विचारलेला प्रश्न.

हें साधन आपल्याला सहज मिळालेलें नाहीं. १८६१ च्या कायद्यानें जीं कायदेमंडळें स्थापन झालीं, त्यांत सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. तो १८९२ च्या कायद्यानें मिळाला. परंतु मिळालेल्या उत्तरावर पुन्हां कांहीं विचारण्याची मोकळीक नव्हती. १९०९ सालीं उपप्रश्नाची परवानगी आली, तीहि मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. १९१९ नंतर ती इतर सभासदांना मिळाली. म्हणजे 'आपण सांगतां तें ठीक, पण मग अमुक कसें?' एवढें एक वाक्य सरकारपुढें उच्चारण्याचा हक्क पदरांत पडावयास सत्तावीस वर्षें लागलीं.

या हक्काच्या पहिल्याच काळांत आमच्या जिल्ह्याचे दोन पुत्र मुंबईच्या कायदेमंडळांत बसले. रत्नागिरींत जन्मलेले टिळक १८९५ सालीं व गुहागर तालुक्यांतील कोतळूक येथें जन्मलेले गोखले १८९९ सालीं. पुढें गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत गेले. तेथें त्यांची रीत अशी होती, कीं आधीं सरकारचेच अहवाल वाचावयाचे, सरकारचेच आंकडे काढावयाचे, आणि त्याच आंकड्यांनीं सरकारला उत्तर देण्यास भाग पाडावयाचें. मिठावरचा कर मणामागें अडीच रुपये होता. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणांत त्यांनीं तो कमी करण्याची मागणी मांडली व पुढें तिचा पाठपुरावा सोडला नाहीं. १९०३ सालीं कर दोन रुपये झाला, १९०५ सालीं दीड, व १९०७ सालीं एक. कर एकट्या गोखल्यांमुळेंच उतरला असें नव्हे. परंतु नेमका आंकडा वर्षानुवर्षें पुढें ठेवीत राहिल्यानें काय घडतें, याचा हा धडा आहे.

आतां आजच्या प्रश्नांची भाषा पाहा. 'अमुक ठिकाणीं लोकांची गैरसोय होत आहे, हें खरें आहे काय? असल्यास, सरकारनें कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाचीं कारणें काय?' ही ठराविक चौकट झाली. तिचीं उत्तरेंहि ठराविक असतात. 'हें खरें नाहीं', 'अंशतः खरें आहे', 'कार्यवाही चालू आहे' आणि शेवटीं 'प्रश्न उद्भवत नाहीं'. प्रश्न जितका ढिला, तितकें उत्तर निसरडें. मास्तराला हें चांगलें ठाऊक असतें. 'पाऊस कसा पडतो?' असें विचारलें तर वर्गांतला अभ्यास न केलेला मुलगासुद्धां 'भरपूर पडतो' म्हणून बसून घेतो.

म्हणून तरीविषयीं विचारावयाचें तर असें विचारावें. अमुक खाडीवरच्या तरीची शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली? तिच्यावर किती उतारूंची मर्यादा आहे, आणि ती होडीवर व धक्क्यावर ठळक अक्षरांत लिहिली आहे काय? जितके उतारू तितकीं जीवरक्षक जाकिटें आहेत काय, आणि लहान मुलांच्या अंगाचीं आहेत काय? बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्यावर तर थांबविण्याचा हुकूम कोण देतो? गेल्या पावसाळ्यांत ती किती दिवस बंद होती, आणि त्या दिवसांत पलीकडच्या दुखणाईताला दवाखान्यांत नेण्याची काय व्यवस्था होती?

घरांविषयीं असें विचारावें. या तालुक्यांतील धोक्याच्या वाड्यांचीं नांवें काय? यादी कोणत्या वर्षीं झाली. नकाशावरून झाली कीं जागा पाहून? वाडींतल्या कोणाला विचारलें काय? जवळचें पर्जन्यमापक किती अंतरावर आहे, आणि किती पाऊस झाला म्हणजे माणसें हलवावयाचीं? हलवावयाचीं तर कोणत्या इमारतींत; तेथें किती माणसें मावतात, आणि रात्रीं दोन वाजतां तिची किल्ली कोणाजवळ असते? आणि शेवटचा, दोन्ही विषयांना जोडणारा प्रश्न. त्या इमारतीपर्यंत जाण्याची वाट दरडीची व खाडीची सोडून आहे काय?

अशा प्रश्नाला 'अंशतः खरें आहे' हें उत्तर देतां येत नाहीं. एक तर तारीख द्यावी लागते, नाहीं तर ती नाहीं असें लिहून द्यावें लागतें. दुसरें उत्तरसुद्धां निरुपयोगी नाहीं. कारण त्यानंतर 'ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.

प्रश्नाइतकेंच महत्त्व वेळेला आहे. पावसाळी अधिवेशनांत दरडींविषयीं विचारणें स्वाभाविक असतें. सर्वांचें मन हललेलें असतें. परंतु त्या वेळीं डोंगर भिजलेला असतो आणि कांहीं बांधतां येत नाहीं. कोंकणासाठीं खरें अधिवेशन हिंवाळ्याचें, नागपुरास भरणारें. सरलेल्या पावसाळ्यांत काय घडलें याचा हिशेब तेथें मागावा. अंदाजपत्रकाच्या अधिवेशनांत, फेब्रुवारी-मार्चमध्यें, 'मे अखेरपर्यंत काय पुरें होणार व त्यासाठीं किती रक्कम ठेविली?' असें विचारावें. म्हणजे पावसाळ्यांत विचारावयास एकच प्रश्न उरतो, 'मार्चमध्यें सांगितलें तें झालें काय?' तारांकित प्रश्नाला तोंडीं उत्तर मिळतें व त्यावर उपप्रश्न विचारतां येतात. हा लाभ घेण्यासाठीं सभासदाजवळ तयारी हवी. मंत्र्यानें सभागृहांत दिलेल्या वचनाचा पाठपुरावा करण्यासाठीं विधिमंडळाची आश्वासन समिति आहे. तिचें नांव सामान्य नागरिकाला फारसें ठाऊक नसतें, तें ठाऊक असावें.

सरकारची बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. डोंगराळ मुलुखांत सुरक्षित व सपाट जागा थोडी असते. ती बहुधा कोणाच्या तरी शेताची असते. घर सोडावयास माणूस नाखूष असतो. तर चालविण्याचा खर्च उतारूंच्या पैशांतून निघत नाहीं. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु तळियेच्या वांचलेल्या कुटुंबांना कायमच्या घरांची वाट पाहत लोखंडी कंटेनरांच्या खोल्यांतून एकाहून अधिक पावसाळे काढावे लागले, हेंहि खरें आहे. घर आधीं बांधावयाचें कीं अपघातानंतर, एवढाच निवड करण्यासारखा प्रश्न आहे. बांधावें तर लागतेंच.

आणि चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरणाची आठवण विसरतां येत नाहीं. २ जुलै २०१९ च्या रात्रीं तें फुटलें आणि खालच्या वाडींतलीं वीसहून अधिक माणसें वाहून गेलीं. धरणाला गळती असल्याची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केलेली होती. म्हणजे येथें बातमी होती, ती वेळेवर निघालीहि होती. परंतु ज्या मेजावर ती पोंचली तेथून पुढें ती जितक्या जोरानें सरकावयास हवी होती तितकी सरकली नाहीं. अर्जाला आवक क्रमांक मिळतो आणि तो फाइलींत जातो. तोच मजकूर प्रश्न होऊन सभागृहांत आला, तर त्याचें छापील उत्तर द्यावें लागतें.

तरी केवळ सभागृहांत शब्द उच्चारल्यानें काम होतें, अशी भोळी समजूतहि नसावी. रावबहादुर सी. के. बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलेला ठराव, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करण्याचा, ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेंहि आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. तरी त्या चवदार तळ्याचें पाणी प्रत्यक्ष ओंजळींत घेण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना हजारों माणसांसह तेथवर चालत जावें लागलें. ठरावानें हक्क कागदावर आला. तो पाण्यापर्यंत माणसांनीं नेला. विधानसभेंतील प्रश्नाचेंहि तसेंच आहे.

तेव्हां आपण काय करावें? आपल्यापैकीं पुष्कळांचीं मूळ घरें कोंकणांत आहेत, आणि तेथें आईवडील किंवा चुलते राहतात. गणपतीला किंवा शिमग्याला आपण जातों. या खेपेस जाल तेव्हां चार गोष्टी वहींत टिपून आणा. वाडीच्या वरच्या अंगाला भेग आहे काय व ती कधींपासून. धोक्याच्या यादींत वाडीचें नांव आहे काय. गेल्या पावसाळ्यांत तर कोणत्या तारखांना बंद होती. आणि होडींत जाकिटें किती व माणसें किती. त्याखालीं तारीख घाला, सही करा, आणि अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधीं आपल्या आमदाराकडे पाठवा. आमदार कोणत्या पक्षाचा, हें पाहूं नका. प्रश्न विचारला गेला तर छापील उत्तर मागवून घ्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. म्हणजे उत्तर खरें कीं खोटें, हें ज्यांच्या डोक्यावर डोंगर आहे तेच पडताळून पाहतील.

पुढचा पावसाळा ठरल्या वेळीं येणारच आहे. त्याच्या आधीं हें पत्र पोंचावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.